फिलूमायच्या भाटातला मांडव

सुमन राऊळ गोव्यात तुयेच्या एका कारखान्यात चौदा वर्षं सलाईनच्या नळ्या तपासत होती. नळी दिव्यासमोर धरायची, आत केस, धूळ, बुडबुडा दिसला तर ती बाजूला टाकायची. तिचं माहेर आणि सासर दोन्ही बांद्याकडचं. नवरा गणपत टिपरवर ड्रायव्हर, म्हणून दोघं लग्नानंतर इकडे आली आणि भाड्याच्या खोलीत राहिली. कामाने तिचे डोळे वेळेआधीच चष्म्याला लागले होते, पण काम तिला आवडत होतं. आपण तपासलेली नळी कुठल्यातरी आजाऱ्याच्या हाताला लागणार, हे ती मनापासून मानायची आणि नव्या मुलींना सांगायचीही.

डिसेंबरच्या एक तारखेला ती सकाळच्या पाळीला गेली तेव्हा रखवालदाराने तिला गेटवरच थांबवलं. कंत्राटदार बदलला आहे आणि नव्याच्या यादीत तुमची नावं नाहीत, एवढंच तो म्हणाला. रोज तिच्याशी दोन शब्द बोलणारा माणूस त्या दिवशी वहीत बघत राहिला. साडेसातपर्यंत गेटबाहेर अठ्ठावन्न बायका जमल्या. मग एक बस आली, तिच्यातून नवीन मुली उतरल्या आणि त्यांच्यासाठी गेट उघडलं. त्यातल्या एकीने तर बाहेरच्या बायकांना विचारलं, की कँटीन कुठल्या बाजूला आहे. सुमनने तिला हाताने दाखवलं.

बायका तिथेच बसल्या. सिंधुदुर्गातल्या निम्म्याहून जास्त होत्या, बाकीच्या चंदगड-गडहिंग्लजच्या आणि काही बेळगावकडच्या. खानापूरची मेहरून सुमनच्या बाकावर शेजारी बसायची. नऊ वर्षं दोघी एकमेकींकडे न बघता गप्पा मारत आल्या होत्या, कारण डोळे नळीवर ठेवावे लागत. गेटसमोर जमिनीवर बसल्यावर मेहरून म्हणाली, दीदी, तुमच्या गालावर तीळ आहे हे मी आज नीट बघतेय.

पहिल्या आठवड्यात पुष्कळ लोक आले, भाषणं झाली, फोटो निघाले. डिचोलीहून कृष्णनाथ आला. तो पूर्वी खाणीवर मशीन चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा त्यानेही असाच मांडव घातला होता आणि पुढे एक छोटी कामगार संघटना काढली. त्या मांडवातून काय मिळालं, असं बायकांनी त्याला विचारलं. काही मिळालं नाही, असं त्याने सरळ सांगितलं. म्हणूनच बहुधा बायकांनी त्याला धरून ठेवलं. त्यांची मागणी साधी होती, आम्हाला परत कामावर घ्या, आणि कंत्राटदाराच्या नव्हे तर कंपनीच्या पटावर घ्या. कृष्णनाथने तशी तक्रार पणजीला कामगार आयुक्तांकडे घातली.

दहाव्या दिवशी पोलीस कागद घेऊन आले. गेटपासून ठरावीक अंतरात आणि रस्त्याच्या कडेला बसता येणार नाही, असा हुकूम होता. चटया, पाण्याची पिंपं, फलक जीपमध्ये गेले. बायका रस्ता ओलांडून पलीकडे उन्हात उभ्या राहिल्या. तिथे एक जुनं भाट, म्हणजे माडांची वाडी, होतं. माडांच्या दोन रांगा, मध्ये चार काजू, कडेला चुन्याने रंगवलेला छोटा खुरीस, म्हणजे क्रूस. भाटामागच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत आली आणि तिने फाटक उघडलं.

ती फिलोमेना, गावाची फिलूमाय. तिचा नवरा पोदेर होता. पंचक्रोशीत सकाळी त्याच्या सायकलचा भोंपू वाजायचा आणि लोक पाव-पोयी घ्यायला दारात यायचे. तो गेला तशी भट्टी बंद पडली. आता ती मुलगा आग्नेल, सून आणि नात यांच्याबरोबर राहत होती. तिने बायकांना आत यायला सांगितलं. पोलिसाने विचारलं, ही जागा तुमच्या नावावर आहे का. फिलूमाय म्हणाली, हे माड माझ्या सासऱ्याने लावले, तुला हवे तर मोजून घे. पोलीस हसला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

"भितर येयात," ती सुमनला म्हणाली. "हें म्हजें भाट. हांगा तुमकां कोण उठोवचो ना."

अशा रीतीने मांडव फिलूमायच्या भाटात आला.

आग्नेल त्याच कारखान्यात फिटर होता, कायम नोकरीवर. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होती. सकाळी सातला तो डबा घेऊन घरातून निघायचा, मांडवाच्या कडेने खाली मान घालून जायचा, रस्ता ओलांडून गेटात शिरायचा. बायका त्या वेळी घोषणा देत नसत. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. मांडव भाटात आल्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने घरातून वायर ओढली, मांडवात दोन दिवे आणि एक पंखा लावला, आणि परत घरात गेला.

मांडवाला हळूहळू घराची सवय लागली. विहिरीचं पाणी होतं, तीन दगडांची चूल होती, दुपारी पेज आणि लोणचं असायचं. दिवसा वीस-पंचवीस जणी बसायच्या, रात्री पाळीने पाच जणी झोपायच्या. शेजारचा एक पोदेर सकाळी जाताना टोपलीतले उरलेले उंडे पाव ठेवून जायचा. मेहरून आधी नमाजासाठी माडाआड जायची. फिलूमायने ते पाहिलं आणि बंद भट्टीची खोली झाडून घेतली. जुनी पिठाची मेज बाजूला सारली, चटई घातली. कुठल्या दिशेला तोंड करायचं हे मेहरून शोधत होती तेव्हा म्हातारी म्हणाली, दर्या त्या बाजूला आहे, तेवढ्यावरून बघ.

नाताळात फिलूमायचे गुडघे सुजले होते. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, कोण करणार म्हणून ती घरापुढच्या बाल्कांवात खुर्चीवर बसून कुरकुरत होती. सुमन आणि आठ-दहा जणी तिच्या स्वयंपाकघरात शिरल्या. चवथीला आम्ही करतो त्याच या, असं म्हणत त्यांनी सकाळी लाटायला घेतल्या आणि दुपारपर्यंत डबे भरले. सारणात किती गूळ घालायचा यावरून बांद्याच्या आणि चंदगडच्या बायकांची जुंपली. आग्नेलच्या मुलीने मांडवाच्या कोपऱ्यात गवताचा गोठा केला होता, त्यात बाळ येशूशेजारी कुणीतरी मातीचा बैल ठेवला. चंदगडची राणी म्हणाली, बैल आमच्या बेंदराचा, पण राहू दे. खुरिसाशी लदीनची प्रार्थना झाली तेव्हा सगळ्या मागे चटईवर बसल्या. शब्द कळत नव्हते तिथे नुसते हात जोडले. शेवटी उकडलेले चणे वाटले.

कंपनीकडून मात्र कोणी आलं नाही. बस रोज येत होती, नवीन मुली उतरत होत्या. मांडवासमोरून जाताना त्या पहिल्यांदा घाबरायच्या, नंतर सवयीने पुढे जाऊ लागल्या.

जानेवारीत गावच्या देवळाच्या समितीने मांडवाला दिलेला लाऊडस्पीकर आणि सतरंज्या परत मागितल्या. समितीतल्या एका माणसाच्या गाड्या कारखान्यात लागल्या होत्या. न्यायला आलेला माणूस ओशाळला होता. सतरंज्या घडी करताना सुमनने त्याला मदत केली. त्या दिवसानंतर बायका तोंडी घोषणा देऊ लागल्या आणि पाच मिनिटांत त्यांचे घसे बसू लागले.

फेब्रुवारीत एक आठवडा असा आला, की रविवारी महाशिवरात्र होती, बुधवारी फिलूमायचे ईस्टरआधीच्या करेज्माचे उपास सुरू झाले आणि लगेच मेहरूनचे रोजे. म्हातारी चर्चमधून कपाळावर राखेची खूण घेऊन आली तेव्हा सुमनला वाटलं की तिला काही लागलं. मग दोघी हसल्या. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी खजूर कुणाकडे नव्हता. फिलूमायने शहाळं फोडून दिलं. त्या महिनाभर मेहरून आणि तिच्याबरोबरच्या तिघी शहाळ्याच्या पाण्यावरच रोजा सोडत राहिल्या, आणि उपास नसलेल्याही त्या वेळेपर्यंत खायला थांबू लागल्या. कृष्णनाथ एकदा म्हणाला, उपाशी बसायची आपल्याला एवढी सवय आहे, तर कंपनी घाबरेल कशाला. सगळ्या हसल्या, पण ते वाक्य सुमनच्या मनातून बरेच दिवस गेलं नाही.

बायका कमी होत होत्या. भांडून कोणी गेलं नाही. एक जण मोरजीच्या हॉटेलात खोल्या साफ करायला लागली, चार जणी विमानतळावर झाडलोटीला. प्रत्येक जण जायच्या आधी सुमनजवळ येऊन बसायची, काहीतरी दुसरंच बोलायची, आणि उठताना सांगायची. राणी मुलांना घेऊन गावी गेली. ती तर बोलायलाही आली नाही. चुलीजवळ तिची विळी धुऊन उपडी ठेवलेली होती, त्यावरून बाकीच्यांना कळलं. गणपत सुमनला काही म्हणत नव्हता. एका संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, की तू स्वतः काय धरून चालली आहेस. तिने ताटं उचलून मोरीत नेली.

ईदच्या दिवशी मांडवात अकरा जणी होत्या. मेहरूनने शिरखुर्मा केला, पण हाताला जुनाच अंदाज होता, पातेलं अर्धं उरलं. फिलूमायने करेज्मात गोड सोडलं होतं. तिने वाटी घेतली, एक चमचा खाल्ला आणि बाकीचं नातीला दिलं. दुपारी पणजीच्या आदल्या दिवशीच्या तारखेचं कळलं. कंपनीचा माणूस आला नव्हता, पुढची तारीख जूनची पडली होती. कृष्णनाथने ते फोनवर सांगितलं तेव्हा सुमनने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बायकांना सांगायला ती लगेच गेली नाही. विहिरीजवळ बराच वेळ उभी राहिली.

तीन-चार दिवसांनी त्याच विहिरीजवळ आग्नेल तिला भेटला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. सुमनला इंग्रजी येत नव्हतं, मग त्यानेच सांगितलं. कंपनीचा उत्तरेकडे दुसरा कारखाना आहे, तिथे त्याची बदली करणार. हे कागदावर होतं. कागदावर नसलेलं साहेबाने तोंडी सांगितलं होतं. महिनाअखेरपर्यंत भाट रिकामं झालं, तर बदलीचा विचार पुन्हा होईल. तिकडे गेला तर बायको-मुलीला कधीतरी न्यावंच लागेल आणि म्हातारी एकटी पडेल. नोकरी सोडली तर घरात दुसरं मिळवतं कोणी नाही.

"हें मांयक सांगूं नाका," तो म्हणाला. "ती तुमकां केन्नाच वचात म्हणची ना." म्हातारी आपल्याला कधीच जा म्हणणार नाही, हे सुमनलाही ठाऊक होतं.

"मगे तुजा म्हणणा काय?" सुमनने विचारलं.

"म्हजें कांयच ना. तुका खबर आसची म्हणून सांगलें."

तो गेला. त्याने काहीच मागितलं नव्हतं, आणि तेच सुमनला जड गेलं. मागितलं असतं तर तिला रागावता आलं असतं.

तिने आधी मेहरूनला सांगितलं. मेहरून म्हणाली, जिने आपल्याला जागा दिली तिचं घर आपण रिकामं करायचं का? मग कृष्णनाथला बोलावलं. भट्टीच्या खोलीत तिघं बसली. कृष्णनाथने सांगितलं, कंपन्या हे असंच करतात, समोरच्याला हात लावत नाहीत, बाजूच्याला लावतात. तुम्ही उठलात तर पुन्हा बसायला जागा मिळणार नाही. आणि तुम्ही उठल्यावर बदली थांबेल, असं कोणी लिहून दिलेलं नाही.

"मग काय करायचा?" सुमन म्हणाली.

"म्हातारीला सांगा. तिला ठरवू द्या."

यावर मेहरून पहिल्यांदा चिडली. ती म्हणाली, की तिला विचारायचं म्हणजे तिच्या तोंडून बसा असं म्हणवून घ्यायचं, आणि मग तिचा मुलगा गेला की आपण म्हणणार, तूच म्हणालीस. कृष्णनाथने हात वर केले. तुमचा मांडव, तुम्ही बघा, असं म्हणून तो निघाला. फाटकाशी थांबून मात्र त्याने सुमनला सांगितलं, की मी काही तुम्हाला दोष देणार नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा जणींपुढे विषय निघाला. सुमनला वाटलं होतं वाद होईल, कोणीतरी रडेल, कोणीतरी म्हणेल की एवढे दिवस काय उगाच बसलो. तसं काही झालं नाही. आग्नेलचं ऐकल्यावर एक-एक जण मान हलवत गेली, आणि सुमनने त्यांच्या तोंडांवर पाहिलं, तिथे दुःखाबरोबर दुसरंही काहीतरी होतं. खांदे उतरले होते. कोणीतरी मोठा श्वास सोडला. तिच्या स्वतःच्या छातीतही तोच श्वास अडकला होता आणि आता सुटला होता. त्या क्षणी तिने त्याच्याकडे लक्ष द्यायचं टाळलं. आपण म्हातारीसाठी उठतोय, हे तिने मनाशी दोन-तीनदा घोकलं.

प्रश्न राहिला फिलूमायला काय सांगायचं याचा. ते काम सुमनवर आलं. म्हातारी बाल्कांवात कोलांट फोडत बसली होती, म्हणजे सुपारी. सुमन खाली पायरीवर बसली.

"फिलूमाय, आमी उठतंव. हापिसातून सांगल्यानी, मांडव काढा, मगे बोलणी करतलंव."

म्हातारीने अडकित्ता खाली ठेवला. तिने विचारलं, म्हणजे तुम्ही जिंकलात? सुमनने ठरवून ठेवलेलं उत्तर होतं, की अजून काही सांगता येत नाही. पण म्हातारीच्या तोंडावर जे आलं ते पाहून तिला ते बोलवलं नाही. होय, म्हणजे जवळजवळ, असं काहीतरी ती बोलली.

फिलूमाय उठली. गुडघ्यांकडे न बघता भाटात गेली, मांडवातल्या प्रत्येकीच्या डोक्यावरून हात फिरवला. सुनेला सांगून सगळ्यांना दोन-दोन नारळ दिले. खुरिसाशी तिने मेणबत्ती लावली आणि बायकांना भोवती उभं केलं. करेज्म असूनही आज गाणं म्हणायला हरकत नाही, असं म्हणत तिने कोंकणीतलं एक कांतार म्हटलं, आवाज फाटला तरी पूर्ण म्हटलं. बायका मान खाली घालून उभ्या होत्या. म्हातारीला वाटलं असेल, की त्यांना भरून आलंय. मेहरून मध्येच भट्टीच्या खोलीकडे निघून गेली.

आग्नेल कामावरून आला तेव्हा मांडवाचे बांबू सुटत होते. तो तसाच वर चढला आणि वायर काढू लागला. सुमन खाली उभी राहून गुंडाळत होती. समोर गेटवर रखवालदार खुर्ची बाहेर आणून बसला होता.

एप्रिल गेला. मेहरून आणि तिचा नवरा खानापूरला परत गेले. सुमनला मोरजीच्या हॉटेलात काम मिळालं. चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, परदेशी पाहुण्यांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करायच्या. सकाळी ती तुयेच्या थांब्यावरून बस पकडायची आणि चोपड्यावरून पुढे जायची. फिलूमायच्या घराकडे ती गेली नाही. जाईन, म्हणायची. बोलणी कुठवर आली, असं म्हातारीने विचारलं तर काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात थांब्यावर फिलूमाय उभी होती. हातात पिशवी, एकटीच. सुमनने तिला पाहिलं तेव्हा वळायला उशीर झाला होता. तिने जवळ जाऊन विचारलं, फिलूमाय, बरी मगे?

म्हातारीने शांतपणे सांगितलं, की आग्नेल उत्तरेला गेला. ईस्टर होऊन आठवड्यानेच गेला. आता भाटात कोणी नव्हतं, तेव्हा त्याला ठेवायचं कंपनीला कारणच उरलं नव्हतं. जाताना त्याने आईला सगळं सांगितलं, तो कागद, ती विहीर, सगळं. मुलीची शाळा इथली सुटली, आता सून आणि नातही पुढच्या महिन्यात जातील.

सुमन म्हणाली, आमी तुज्यासाठी...

"हांवें तुमकां वचात म्हणून सांगिल्लें?" फिलूमायने विचारलं.

"नाय."

"मागीर? म्हज्या भाटांत बसून म्हजें ठरयलें तुमी. म्हाका विचारलेंच ना."

सुमनने मान खाली घातली. थांब्यावर आणखी दोन-तीन माणसं होती, ती ऐकत होती. म्हातारीचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, की माझा पूत न्यायचा होता तर त्यांना तो माझ्यासमोरून न्यायला लावला असता, मी त्याचा कागद घेऊन गेटवर बसले असते. एवढी वर्षं त्या गेटसमोर राहिले, एकदा तरी तिथे बसले असते. आणि तुम्ही मला मेणबत्ती लावायला लावलीत.

सुमन रडू लागली. म्हणाली, चुकला आमचा. मग तिच्या तोंडून निघालं, की अकराच जणी उरलो होतो, जूनची तारीख होती, मला काही दिसतच नव्हतं पुढे.

फिलूमायने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तूं थकल्ली," ती म्हणाली. "तशें सांगूंक जाय आशिल्लें. हांवें तुका बस म्हणून म्हणिल्लें ना."

बस आली. ती पेडण्याकडे जाणारी होती, म्हातारीची. सुमनने पिशवी धरायला हात पुढे केला, तर तिने पिशवी दिली नाही. कंडक्टरने हात देऊन तिला वर घेतलं. बस निघून गेल्यावर सुमन तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने तिची बस आली आणि ती चढली, कारण उशीर झाला की त्या दिवसाचा खाडा धरत.

जूनमध्ये सून आणि नात गेल्या. सुमनने गणपतला पाठवून निरोप दिला, की पाहिजे तर मी रात्री सोबतीला येत जाईन. म्हातारीने गणपतला चहा दिला, त्याच्या टिपरची चौकशी केली, आणि सोबत नको म्हणून सांगितलं. परत आल्यावर गणपत म्हणाला, ती रागावलेली वाटली नाही. सुमनला ते रागापेक्षा वाईट वाटलं.

एका रविवारी मेहरूनचा फोन आला. तिथे पाऊस फार, एका दुकानात शिलाईचं काम मिळालंय, असं सांगून तिने फिलूमायची चौकशी केली. सुमनने आधी बरी आहे म्हटलं. मग मात्र सगळं सांगितलं, बदली, थांबा, मेणबत्तीची गोष्ट, आणि तू थकली होतीस, तसं सांगायचं होतंस, हे म्हातारीचं बोलणं.

"विचारलं असतं तर ती बसाच म्हणाली असती," मेहरून म्हणाली. "आपल्याला माहीत होतं दीदी. म्हणून तर विचारलं नाही."

सुमन हो म्हणाली. दोघी आणखी थोडा वेळ पावसाबद्दल बोलल्या.

जूनच्या तारखेला कंपनीचा वकील आला आणि त्याने मुदत मागून घेतली. आता तारीख सप्टेंबरची आहे. कृष्णनाथने सगळ्यांना फोन केले, सात जणींचे लागले. सुमनने येते म्हणून सांगितलं. त्या दिवशी हॉटेलातून सुटी मिळेल का, हे तिने अजून विचारलेलं नाही.